गाल फुगण्याआधी

गॅलरीतल्या दोरीवरचा चिमटा सुटून फरशीवर टक्कन पडला. खाली दुकानातला कॉम्प्रेसर नुकताच थांबला होता, टिल्लीचा डोळा नुकताच लागला होता, आणि दुपारचे अडीच ते चार हे जे माझे दीड तास असतात, ज्यांत मी कुणाचीच कुणी नसते, त्यांतली दोनच मिनिटं सरली होती. मी होते तिथं गोठले. टिल्लीच्या ओठांनी झोपेतच दोनदा दूध ओढल्यासारखं केलं (साडेतीन वर्षांची झाली तरी झोपेत ती अजून पितेच आहे) आणि ती परत खोल गेली. मग मी गॅलरीकडे मान वळवली. डायव्हिंगचा काळा रबरी सूट एका खांद्यानं दोरीला लटकत होता. दुसरा खांदा सुटला होता, एक बाही फरशीला टेकायला आली होती, आणि कमरेत मुरडून तो असा काही झुकला होता की वाटावं, कुणी बाई वाकून तो पडलेला चिमटाच शोधते आहे. तो सूट माझा. म्हणजे माझा होता. डाव्या गुडघ्यावर मी स्वतः चिकटवलेलं ठिगळ आहे, आत मानेपाशी माझ्या नावाचं पहिलं अक्षर आहे. सहा महिन्यांपूर्वी मीच तो दिला. कपाटात कुजण्यापेक्षा कुणाच्या अंगाला लागू दे, असं वर मोठ्या मनानं म्हटलं. आणि तो तिच्या अंगाला असा लागला की शिंप्यानं मापं तेवढी माझी घेतली असावीत, बेतला होता तो तिच्यासाठीच.

ती म्हणजे दातवाली. हे नाव माझ्या मनातलं, तोंडावर कधी आलेलं नाही. दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या उघड्या जबड्यांवर दिवा धरायचा, थुंकी ओढणारी नळी धरायची, डॉक्टरला काय हवं ते त्यानं हात पुढे करायच्या आत हातात ठेवायचं. नवऱ्याचं डायव्हर लोकांच्या हवेच्या टाक्या भरून द्यायचं, त्यांची दुखणीखुपणी काढायचं दुकान आहे, त्याच्याच वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. वर्षापूर्वी ती एक टाकी भरून घ्यायला आली आणि मग येतच राहिली. मला ताई म्हणते. टिल्ली तिला मावशी म्हणते, आणि टिल्लीला ती रिकाम्या हातानं कधी भेटत नाही. चहा प्यायली की कप धुऊन उपडा घालून जाते. तिच्यात खोट काढायची तर भिंग लावून बसावं लागेल. बसते मी.

दर रविवारी सकाळी नवरा आणि ती पाण्यात जाऊन येतात, आणि सोमवारी दुपारी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून फोटो संगणकावर उतरवायचं काम माझं. पूर्वीपासून माझंच. हुकलेले पुसायचे, बरे वेगळे काढायचे, त्यांतले दोन-तीन असे काढायचे की बघणाऱ्यानं श्वास घ्यायला विसरावं. नजर तुझीच, असं नवरा म्हणतो, आणि ते खरं आहे. पण स्वयंपाक दुसऱ्यांनी करायचा आणि मीठ बरोबर आहे का ते सांगायला मला तेवढी हाक मारायची, असं ते काम आता झालं आहे. त्या सोमवारीही चिमटा तसाच सोडून मी कार्ड सरकवलं, पडद्यावर चौकोनी चित्रांच्या ओळी उमटत गेल्या, आणि अकराव्या चित्राशी माझा हात थांबला. घरमालक होता. तोंड उघडून.

घरमालक हा बोटभर मासा. आम्हीच ठेवलेलं नाव, नवऱ्यानं की मी ते आता आठवत नाही. वाळूत उभं बीळ खणतो, दाराभोवती खडे आणि शिंपल्यांचे तुकडे रचतो, आणि त्या दारातून डोकं तेवढं बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा बघत बसतो की पाय पुसून आलात ना? मादी अंडी देऊन आपल्या बिळात निघून जाते. तो ती सगळी तोंडात घेतो, आणि मग आठवडाभर अन्नाचा कण नाही, नुसता तोंड भरून बसलेला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, बघ, शीक काहीतरी. तो म्हणाला होता, शिकतो की, आठवडाभर गप्प बसायचं हे तर लग्नानंतर जमायलाच लागलंय. तेव्हा आमचं असं चालायचं. पाण्यावर बडबड आणि पाण्याखाली खुणा.

तोंडात अंडी असलेला घरमालक टिपणं तसं अवघड नाही, चार जणांनी टिपला आहे. अवघड आहे ती दोन क्षणांची चित्रं. एक, तो अंड्यांना पाणी दाखवतो ते. अंड्यांचा तो सगळा गोळा ओठांबाहेर अर्धा ढकलतो, हलवून घेतो, परत आत. निमिषभराचं काम. गाल फुगलेले दिसल्यावर बटण दाबलंत तर चित्रात मिटलेलं तोंड येतं. त्याआधी दाबावं लागतं. गाल फुगण्याआधी त्याचे ते भिरभिरे डोळे एकदम स्थिर होतात, जसं मूल चड्डीत करण्याआधी खेळता खेळता थांबतं आणि कुठंतरी लांब बघतं, तसे. तेव्हा दाबायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. दोन उन्हाळे मी वाळूत पालथी पडून शिकले. आणि जागा. वरून गेलात तर त्याच्या लेखी तुम्ही राक्षस, आणि चित्रात मागं नुसती वाळू. खाली, हनुवटी वाळूला लागेल इतकं खाली जायचं, म्हणजे तो आभाळात मान काढल्यासारखा दिसतो. प्रवाहाकडे तोंड करून जायचं, म्हणजे आपल्या पायांनी उठलेला गाळ मागं वाहून जातो, त्याच्या दारात येत नाही. तो आपल्याकडे बघत असेल तर मेल्यासारखं पडायचं. दुसरीकडे बघितलं की चार बोटं पुढं. एक हात अंतर कापायला कधी कधी अर्धा तास. आणि डाव्या बाजूला दुसरं कुणीतरी लागतं, तांबडा दिवा धरायला, कारण तांबडा उजेड त्याला टोचत नाही. त्या दुसऱ्याचं डोकं तुमच्या डोक्याला जवळजवळ टेकलेलं असतं. त्याच्या श्वासाचे बुडबुडे तुमच्या कानावरून जातात. कोपराला दोन बोटं लागली की समजायचं, आता.

ही सगळी माझी विद्या. मी ती नवऱ्याला दिली आणि नवऱ्यानं तिला दिली.

पडद्यावरचं चित्र दुसरं-तिसरं काही नव्हतं, तोच निमिष होता. ओठांबाहेर आलेला गोळा, प्रत्येक अंडं मोत्यासारखं सुटं, मागं निळा-काळा अंधार, हनुवटी वाळूला लावल्याशिवाय मिळत नाही तसा. उजेड डावीकडून, मऊ. जबड्यांवर दिवा धरण्यातच हिचा जन्म चालला आहे, तिला कोण सांगणार उजेड कुठून यावा! मी मागं-पुढं करत राहिले. नवव्या चित्रात डाव्या कोपऱ्यात एक नख आलं होतं. नवऱ्याच्या अंगठ्याचं. टाकीची झडप बसवताना चेचलेलं, निळं पडलेलं, मागच्या बुधवारी मीच त्यावर बर्फ धरला होता. ते नख घरमालकाच्या दारापासून वीतभर होतं. म्हणजे कोपर कुठं असणार, खांदा कुठं, डोकं कुठं, हे मला उभं आखून दाखवता आलं असतं. पंधराव्यात मासा बिळात पळालेला, आणि दातवालीनं कॅमेरा तसाच वळवून नवऱ्याचा फोटो काढला होता. मुखवट्याच्या काचेआड त्याचे डोळे हसत होते. काय टिपलंस, असे.

मला माहीत आहे, तसलं काही नाही. तसलं असतं तर एका अर्थी सोपं झालं असतं. रडायला, भांडायला, आईकडे निघून जायला चार लोकांनी घालून दिलेल्या वाटा आहेत. पण हातभर वाळूचा मत्सर कुणाला सांगायचा? मला नवरा परत नको होता, तो रोज रात्री इथंच घोरत असतो. मला ती जागा हवी होती. कानावरून जाणारे ते बुडबुडे हवे होते. आणि बीळही माझंच होतं हो! जुन्या नांगराच्या साखळीपासून सहा हात उजवीकडे, पाच वर्षांपूर्वी मी शोधलेलं. डायव्हर लोकांत एक रीत आहे, लिहिलेली कुठं नाही पण मोडत कुणी नाही. ज्यानं बीळ शोधलं त्याला विचारल्याशिवाय ते तिसऱ्याला दाखवायचं नाही. नवऱ्यानं दाखवलं. नंतर येऊन सांगितलं, "तिला म्हटलं मी, हे तुझं बीळ आहे म्हणून." जसं काही त्यानं ते माझंच राहिलं. मी काय बोलणार, वर्षभरात चार वेळा तो म्हणाला होता, चल, टिल्लीला शेजारी ठेवू. एकदा टिल्लीला ताप होता. एकदा मला नुसतं वाटलं होतं की ताप येईल. मग तो विचारायचा थांबला, आणि तो विचारायचा थांबला याचाही मला राग आला.

दुसरं चित्र कुणाकडेच नाही. अंडी फुटतात त्या क्षणाचं. सूर्य बुडाला की थोड्या वेळानं घरमालक बिळातून कधी नव्हे इतका बाहेर येतो आणि तोंडातून पिल्लं सोडतो, धुरासारखी, म्हणे. म्हणे, कारण मी पाहिलेलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात मला एक संध्याकाळ उशीर झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात अंड्यांत डोळे चंदेरी झाले, मी वहीत ठळक खूण केली, आणि त्याच दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाल्या, दोन महिने भरलेत, आता समुद्र बंद. मी इतकी आनंदले होते की घरी येईपर्यंत घरमालक आठवलाच नाही. संध्याकाळी आठवला. पोटावर हात ठेवून गॅलरीत बसले होते, आणि समुद्र काळा पडेपर्यंत तिथून उठले नाही.

दिवस मोजून चालत नाही. पाणी गार असलं तर नऊ लागतात, ऊब असली तर सातात होतं. डोळे वाचावे लागतात. आधी अंडी केशरी, मग त्यांत काळे ठिपके, मग ते ठिपके करडे, आणि ज्या दिवशी ते पाऱ्यासारखे चमकतात त्याच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. करड्यात आणि चंदेरीत फरक करणं हे माझ्याशिवाय इथं कुणाला साधलेलं नाही. घड्याळ चुकेल, ही चुकायची नाही, असं नवरा गिऱ्हाइकांना सांगतो. मी अकरावं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. सगळ्या पडद्यावर चार अंडी मावतील एवढं. प्रत्येकात दोन, पाऱ्यासारखे. काल सकाळचं चित्र. म्हणजे आज.

तेवढ्यात उशीखाली ठेवलेला फोन घुरघुरला. दातवाली.

"ताई, झोपलेल्या नव्हतात ना? टिल्ली उठली नाही ना माझ्या फोननं? दोन मिनिटं आहेत हो, पेशंटला सुई देऊन बसवलंय, गाल बधिर व्हायचाय त्याचा." मागं भांडी ठेवल्यासारखे बारीक आवाज येत होते. "कालचे बघितलेत?"

"बघतेय."

"कसे आलेत?"

"बरे आलेत." मग मला राहवलं नाही. "अकरावा छान आलाय."

"खरंच?" ती एवढी आनंदली की मला माझी दया आली. "तुम्ही म्हणाला होतात ना, डोळे थांबले की दाबायचं, तेच मनात धरून बसले होते. बरं, डोळे कसे आहेत अंड्यांतले? तुमच्या यांना विचारलं तर म्हणतात, मला विचारू नकोस, वर विचार. आज जाऊ का? आज मी आठपर्यंत आहे इथं, पण सुट्टी मागते. डॉक्टर तोंड वाकडं करतील, पण देतील. मागू?"

मी पडद्याकडे बघत होते. ते सगळे डोळे माझ्याकडे बघत होते. मला आठवतं ते एवढंच की मी काही ठरवलं नाही. ठरवायला वेळ लागतो. माझे डोळे कुठंतरी लांब स्थिर झाले आणि तोंडातून शब्द बाहेर आले.

"अजून करडे आहेत. परवा होतील."

"परवा? बुधवारी?"

"हो. उगाच सुट्टी वाया घालवू नकोस. डॉक्टरांशी कशाला वाईटपणा."

"अय्या, बुधवारी तर मला अर्धी सुट्टीच असते! बघा ना ताई, माझं नशीबच जोरावर आहे. बरं झालं तुम्ही आहात. ठेवते, बधिर झाला असेल." फोन बंद झाला.

खोटं बोलण्याचं मला एवढं वाटलं नाही. वर ती मायेची शाल पांघरली, सुट्टी वाया घालवू नकोस म्हणून, त्यानं अंगावर काटा आला. मी उठले. पडलेला चिमटा उचलायला म्हणून गॅलरीत गेले आणि सूटच दोरीवरून काढून घेतला. ओलसर, जड, आणि त्याला तिच्या साबणाचा वास. न्हाणीघरात जाऊन कडी घातली आणि गाऊन काढून पाय घालायला लागले. अजून तीन तास होते. टिल्लीला शेजारच्या आजी सांभाळतात, नेहमी विचारत असतात. नवरा खाली आहे, टाक्या भरलेल्या आहेत, होडी अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. मी जाईन. बीळ माझं, विद्या माझी. मांड्यांपर्यंत आला. मांड्यांवरून ओढून वर घेतला, अंगाला फेस लावून घेतला, श्वास कोंडला, कंबर आली. हात बाह्यांत गेले. मग मागची चेन ओढायला लागले, आणि ती पाठीच्या निम्म्यावर येऊन थांबली. टिल्लीनं माझ्यात जे जे ठेवून दिलं आहे ते सगळं त्या उघड्या फटीतून बाहेर आलं होतं. छाती अशी दाबली गेली की दूध आटून दोन वर्षं झाली तरी ते भरून आल्यासारखं ठणकलं. आरशात बघायचं नव्हतं, पण आरसा समोरच होता.

"आई?" बाहेरून हाक आली. "आई, कुठंयस?"

काढायला गेले तर निघेना. शेवटी तशीच, अर्धी रबरात, केस विस्कटलेले, बाहेर आले. टिल्ली पलंगावर उठून बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खिदळायला लागली.

"आई मासा! आई मासा झाली! शेपूट कुठंय?"

मग मी पलंगावर पालथी पडले, आणि तिनं माझे दोन्ही पाय धरून, "हुश्शा, हुश्शा" करत तो सूट माझ्या अंगावरून ओढून काढला, आणि शेवटी सुटला तेव्हा त्याच्यासकट धपकन खाली बसली. आम्ही दोघी हसलो. मी जास्त वेळ हसले. ती म्हणाली, पुन्हा. मी म्हटलं, नाही, आता नाही, आणि सूट पूर्वीसारखा दोन्ही खांद्यांनी दोरीला लावला, दोन-दोन चिमटे.

पाच वाजता नवरा चहाला वर आला. "काय म्हणतात डोळे?" त्यानं बिस्कीट बुडवता बुडवता विचारलं.

"परवा."

"बरं." बस, एवढंच. पडद्याकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. मी सांगितलं म्हणजे झालं. मनात म्हटलं, विचार ना, नक्की का म्हणून विचार, मग मी सांगेन. तो कप ठेवून खाली गेला, आणि जिन्यात असतानाच शीळ घालायला लागला.

आमच्या गॅलरीतून दोन इमारतींच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसते, रुंदीला टिल्लीच्या फुटपट्टीएवढी. सूर्य कुठं बुडतो ते दिसत नाही, पट्टीचा रंग बदलतो त्यावरून कळतं. मी टिल्लीला कडेवर घेऊन उभी होते. पट्टी पितळी झाली, मग शिशासारखी. खाली कॉम्प्रेसर धडधडत होता. मी मनात नांगराची साखळी धरून खाली उतरले, सहा हात उजवीकडे गेले, हनुवटी वाळूला लावली. आता तो बाहेर येत असेल. छातीपर्यंत, कमरेपर्यंत, आयुष्यात कधी येत नाही इतका. डोळे स्थिर. समोर कुणी नाही, तांबडा दिवा नाही, श्वास नाहीत. माझ्याजवळ नाही तर कुणाजवळच नाही. एक क्षणभर ते सगळं माझं होतं, इतकं माझं होतं की माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ता निघाली बघ, घरमालकाची बाळं."

"कुठं?"

"तिकडं. पाण्याखाली."

"कुठं चालली?"

"मोठी व्हायला."

टिल्लीनं त्या पट्टीकडे बराच वेळ बघितलं. मग हात वर करून म्हणाली, "टाटा, बाळांनो." आणि माझाही हात धरून हलवला. मीही केला टाटा. खाली कॉम्प्रेसर थांबला, आणि एकदम सगळीकडे इतकं शांत झालं की मला वाटलं, नवऱ्यानं ऐकलं. त्यानं काही ऐकलं नव्हतं. तो टाक्यांवर खडूनं खुणा करत होता. आणि पट्टी काळी पडली, आणि जे माझं होतं ते संपलं, आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. चित्रसुद्धा नाही. मी जे पाहिलं ते मीच रचलेलं होतं, धुरासारखी, म्हणे.

मंगळवार गेला. मंगळवारी मी तिला तीनदा फोन करायला घेतला आणि तिन्ही वेळा टिल्लीचं काही ना काही निघालं. खरं म्हणजे एकदाच निघालं. दोनदा मी काढलं.

बुधवारी चारलाच दातवाली हजर. डोक्याला रुमाल, हातात टिल्लीसाठी दवाखान्यातला प्लास्टरचा दातांचा ठसा. टिल्ली त्याचा जबडा उघडझाप करत घरभर हिंडायला लागली. मी कॅमेऱ्याची पेटी तयार करायला बसले, तेही काम माझंच. पेटीच्या खाचेत एक बारीक रबरी कडं बसतं. त्यावर केसाएवढं काही राहिलं तरी तेवढ्या वाटेनं पाणी आत येतं आणि कॅमेरा मरतो. मी ते कडं काढलं, बोटांच्या चिमटीतून इंच इंच फिरवलं, भिंगाखाली पाहिलं, पुसलं, वंगण लावलं, पुन्हा पाहिलं. इतकं निगुतीनं मी ते कधी केलं नव्हतं. रिकाम्या बिळासाठी. दातवाली शेजारी बसून बघत होती. "तुमचे हात बघत बसावेसे वाटतात ताई," ती म्हणाली. "आमचे डॉक्टर असे असते तर लोकांनी हौसेनं दात काढून घेतले असते." मी हसले. मग ती हळूच म्हणाली, "मला ना, भीती वाटतेय. तुमचा क्षण आहे हा. हुकला माझ्या हातून तर?"

तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हासुद्धा उशीर झालेला होता, पण तिचे पन्नास मिनिटांचे श्वास तरी वाचले असते. मी पेटीची खिटी लावली आणि म्हटलं, "नाही हुकायचा."

ते गेले. पट्टी पितळी झाली, शिशासारखी झाली. मी गॅलरीत गेले नाही. टिल्लीला न्हाऊ घातलं, तिचं जेवण केलं, तिनं तीन घास मला आणि एक प्लास्टरच्या दातांना भरवला. साडेसातला जिन्यात ओल्या पावलांचा आवाज आला. पुढं नवरा, मागं ती, केसांतून पाणी गळत असलेली, ओठ निळसर.

"रिकामा होता हो ताई." ती दारातच म्हणाली. "जेवत होता. टपाटप, येईल ते तोंडात टाकत होता. आठवड्याचा उपाशी ना!" आणि हसायला गेली तर हसणं मध्येच मोडलं. "तरी पडून राहिले मी. वाटलं, दुसरा असेल, आपला नसेल. हवा संपत आली तोवर. यांनी ओढून वर आणलं."

"बस, बस आधी. टॉवेल घे." मी टॉवेल पुढं केला.

"माझंच चुकलं. फोटो जरा हलला होता ना तो, नाहीतर तुम्हाला दिसले असते डोळे. मी नीट धरायला हवा होता." तिनं टॉवेलात तोंड घातलं आणि आतून म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं ताई. तुम्ही काय करणार, मीच तसा दिला तुम्हाला."

फोटो हललेला नव्हता. सुईच्या टोकासारखा होता तो.

नवऱ्यानं हातातली पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, "चला, घड्याळ चुकलं म्हणायचं एकदा," आणि ते थट्टेसारखं म्हणाला, पण म्हणताना माझ्याकडे न बघता संगणकाकडे गेला. त्याच्या ओल्या बोटांचे ठसे बटणांवर उमटले. अकरावं चित्र. मोठं केलं. आणखी मोठं केलं. त्याला करडं आणि चंदेरी यांतलं कळत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, पण पडद्यावर चार अंडी मावतील एवढं मोठं केलं तर ते कुणालाही कळतं. त्याच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं, चड्डीच्या काठाशी थांबत होतं, फरशीवर पडत होतं. मी त्या पाठीकडे बघत उभी होते. पाण्याखाली मी ही पाठ वाचू शकत असे, खांदा किती उचलला आहे त्यावरून श्वास उरला किती ते सांगत असे. आता तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मग त्यानं पडदा बंद केला. "सामान धुऊन टाकतो," म्हणाला, नेहमीच्याच आवाजात, आणि न्हाणीघरात गेला. नळ जोरात सुरू झाला.

दातवाली चहा प्यायली. कप धुतला, उपडा घातला. जाताना टिल्लीच्या केसांतून हात फिरवून म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात आपण सगळ्याच जाऊ, काय गं? आईला घेऊन." माझ्याकडे तिनं असं पाहिलं की जणू मीच काहीतरी गमावलं आहे आणि तिला त्याचं वाईट वाटतं आहे. दार लागलं.

मी टिल्लीला मांडीवर घेऊन नखं कापायला बसले. काहीतरी बारीक, दोन्ही हातांनी करायचं काम हवं होतं. तिची नखं शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी आहेत, पातळ, किंचित गुलाबी. कापताना मी नेहमी श्वास धरते. एक झालं, दोन झाली. तिचे डोळे समोरच्या भिंतीवर कुठंतरी लांब थांबले होते, आणि ते बघून माझा हात थांबला. न्हाणीघरातला नळ बंद झाला. आतून काहीच आवाज येईना, टाकी ठेवल्याचा नाही, पावलांचा नाही.

"आई," टिल्लीनं मान वर करून विचारलं, "मावशी चुकली का गं?"